निळ्याची शिल्लक

मंगळवारी चौथा तास चित्रकलेचा.
चियातुरात मँगनीजच्या खाणी, दरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
रोपवेच्या जुन्या तारा,
आणि मधोमध क्विरिला,
जिला आम्ही सगळे जरा पाण्यातच पाहतो.

कुतैसीहून पत्र आलं: ‘माझी नदी’,
प्राथमिक शाळांचं प्रदर्शन,
कागद मोठा, रंग ताजे व प्रसन्न असावेत.
‘प्रसन्न’खाली दुहेरी रेघ.
मी ते वर्गात वाचून दाखवलं, रेघेसकट.

तिसरीत एकवीस मुलं. ब्रश नऊ, त्यांतले दोन टकले.
अर्ध्या तासात काळ्याच्या तिन्ही नळ्या
पिळून, लाटून, कात्रीनं उभ्या चिरून संपल्या.
मग मलखाझनं शेगडीतल्या राखेत पाणी कालवलं,
ओतारनं खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं
आणि ते बोट थेट कागदावर.
निळी नळी तशीच.
सप्टेंबरातलं झाकण, सप्टेंबरातलंच सील.

मी म्हटलं, अरे, नदी निळी काढतात.
गेलं तोंडातून. तीस वर्षांची सवय.
दारेजाननं मान वर न करता विचारलं,
“कुणाची, बाई?”

कोपऱ्यात त्सिसाना. कागद कोरा.
तिचा बाप रोपवे चालवायचा,
आता घरात बसून घड्याळं उघडतो
आणि परत बंद करतो.
ती म्हणाली, मी घरी करून आणते.
मला वाटलं, टाळते आहे.
वहीत तिच्या नावापुढे टिंब दिलं,
फुली मारायला हात झाला नाही.

गुरुवारी तिनं कागद आणला,
वाळून पापडासारखा कडक, कडा वर उचललेल्या.
पुलाखाली, उथळ पाण्यात,
रात्रभर ठेवला होता बुडवून,
चार कोपऱ्यांवर चार गोटे.
“मी काही नाही काढलं, बाई.
तिनंच काढलं.”

एक करडा पट्टा, तिरका, खाली दाट होत गेलेला.
त्याच्या कडेला आणखी एक कड, चहाच्या डागासारखी.
एक केस चिकटलेला; माझा नाही, म्हणाली.
कोपऱ्यांत गोट्यांची चार पांढरी बेटं.
उजेडात तिरका धरला
तर शिसपेनीच्या टोकासारखी बारीक चमक.

मुलं बाकांवरून उठून भोवती आली.
कुणी हसलं नाही,
एक वोवा सोडून, तो सगळ्यालाच हसतो.

आता पाकीट माझ्या टेबलावर.
वीस नद्या मुलांच्या, एक नदीची स्वतःची.
मुख्याध्यापिका नाझिब्रोला डोकावून गेल्या:
“रंगाचा बेरंग कराल हो.
निदान पाच तरी निळ्या करून घ्या.
रंगपेट्या आहेत बक्षिसाला.”

रंगपेट्या. चोवीस वड्यांच्या.
दोन टकले ब्रश डोळ्यांसमोर आले.
शाळा सुटल्यावर मी दार लोटून घेतलं
आणि निळ्या नळीचं सील फोडलं.
आत सगळं आवळून बसलेलं.
खूप दाबलं तेव्हा मटाराएवढं बाहेर आलं,
अंगठ्यावर.

मलखाझची नदी समोर होती.
राखेचा तिला अजून वास येत होता.
त्यानं पाण्यावर एक बदक काढलेलं,
तेही काळं, पण चोच मात्र
मुद्दाम, सांभाळून, कोरी सोडलेली.

मी चित्रं गोळा केली, पाकिटात सरकवली,
थुंकी लावून पाकीट चिकटवलं.
पत्ता लिहिताना कळलं,
‘कुतैसी’च्या अलीकडे अंगठा उमटलाय,
निळा, चांगला ठसठशीत.
असू दे.

त्सिसानाच्या कागदाचं काय होईल, ठाऊक आहे मला.
बोगद्यांतून, खड्ड्यांतून जाताना भुकटी गळणार.
तिथं पोहोचेल तो जवळजवळ कोराच,
आणि पाकिटाच्या तळाशी चिमूटभर क्विरिला.

उघडताना उलटं धरू नका,
एवढं लिहायचं राहून गेलं.